आधी भोक की आधी नळी?

आपल्याकडे कुणाच्या शेतात बोअर घेतली की दुसऱ्या दिवशी पारावर दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘पाणी किती लागलं?’ आणि ‘केसिंग किती गेलं?’ पहिल्याचे उत्तर दैवाचे, दुसऱ्याचे पैशाचे. दख्खनची जमीन मोठी इमानी आहे. वरची माती आणि मुरूम सरून काळा कातळ लागेपर्यंत काही फूट नळी उतरवली की खालचे शेकडो फूट भोक पुढे वर्षानुवर्षे उघडेच उभे राहते. कातळ सहसा ढासळत नाही आणि फुगत तर नाहीच. म्हणून केसिंग ही आपल्या लेखी बिलातली एक ओळ. यापलीकडे तिला मान नाही.

माझ्या लेखी मात्र तिला फार मोठा मान आहे. नोकरीची बरीच वर्षे मी मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रात तेलविहिरी विंधणाऱ्या रिगवर काढली. तिथे एक गोष्ट मनावर कोरली गेली. भोक पाडून झाले आहे आणि नळी अजून उतरायची आहे, हा जो मधला वेळ, त्यात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. हा वेळ कधी काही तासांचा, कधी काही दिवसांचा. तेवढा काळ जमिनीच्या पोटातले ते विवर अगदी निराधार असते. हा मधला वेळ माणसाने कसा कमी करत आणला, आणि जिथे कमी केला नाही तिथे काय भोगले, याची टिपणे मी फावल्या वेळात जमवीत आलो. तेलाच्या राजकारणावर ढीगभर पुस्तके आहेत. या बिचाऱ्या नळीकडे फारसे कुणी पाहत नाही.

आपल्या भाषेतच पाहा. विहीर आपण आधी ‘खणतो’ आणि मग ‘बांधतो’. क्रिया दोन, आणि दोहोंच्या मध्ये एखादा पावसाळासुद्धा जातो. आपल्या मातीत हे चालते. पण गंगा-यमुनेच्या काठच्या गाळाच्या जमिनीत चार हात खणले की कडेची वाळू आत येऊन बसते. म्हणून तिकडच्या कारागिरांनी क्रमच बदलला. लाकडाचे एक भक्कम गोल कडे जमिनीवर ठेवायचे. त्याला ते निमचक म्हणतात. त्यावर विटांची गोल भिंत रचायची, आणि मग आत उतरून त्या कड्याखालची माती काढत राहायचे. भिंत आपल्याच वजनाने खाली सरकते. वरून आणखी विटा चढवायच्या. खणणे आणि बांधणे एकाच वेळी! गंगेच्या कालव्यावर रुडकीजवळचा सोलानी नदीवरचा जलसेतू १८५४ साली पुरा झाला, त्याचे पायेसुद्धा या देशी विहिरीच्या रीतीनेच जमिनीत उतरवलेले आहेत. इंग्रज इंजिनिअरांनी ही विद्या आपल्या विहिरी करणाऱ्यांकडून उचलली, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

अरुंद आणि खोल भोकात मात्र माणूस उतरू शकत नाही. तिथला मान चीनच्या सिचुआन प्रांताकडे जातो. हा मुलूख समुद्रापासून दूर, त्यामुळे मीठ मिळवायचे ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून. इसवी सनाच्या अकराव्या शतकात, १०४० नंतरच्या दशकात, तिथे नव्या तऱ्हेच्या विहिरी दिसू लागल्या. तोंड वाडग्याएवढे, खोली मात्र पुष्कळ. सू तुंगफो या थोर कवीने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे, म्हणून आपल्याला त्या ठाऊक. जाड बांबूच्या आतल्या गाठी फोडून तो पोकळ करीत, एका बांबूचे टोक दुसऱ्याच्या तोंडात घट्ट बसवीत, आणि अशी लांबच लांब नळी विवरात सोडीत. उद्देश एकच, की वरच्या थरांतले गोडे पाणी कडेने झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू नये. मिसळले तर ते आटवायला सरपण किती लागणार! पुढे याच विद्येच्या बळावर सिचुआनातली शेनहाई नावाची विहीर १८३५ साली हजार मीटरांपलीकडे गेली. तिला तेरा वर्षे लागली.

अमेरिकेत हीच कल्पना स्वतंत्रपणे उगवली, तीही मिठासाठीच. आज ज्याला पश्चिम व्हर्जिनिया म्हणतात त्या भागात कनावा नदीच्या काठी रफनर बंधूंनी १८०८ साली एक विहीर पुरी केली. त्यांनी सिकॅमोर झाडाचे पोकळ खोड वाळूत उभे रोवले आणि त्याच्या आतून खाली कातळात भोक पाडले. लागलेल्या खाऱ्या पाण्यात वरचे गोडे पाणी मिसळू लागले, तेव्हा दोन लांब लाकडे आतून कोरून, एकमेकांवर बसवून, वरून सुतळी गुंडाळून त्यांनी नळी केली आणि ती भोकात उतरवली. आणखी पन्नास वर्षांनी तेल शोधायला निघालेली माणसे या मिठाच्या विहिरीवाल्यांनाच हाताशी धरणार होती.

त्यांत पहिले नाव एडविन ड्रेक याचे. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी तो तेल काढायला आला तेव्हा लोक त्याला ‘कर्नल’ म्हणत. पण हा कर्नल कधी फौजेत नव्हता. तो रेल्वेतला कंडक्टर होता. गावात वजन पडावे म्हणून कंपनीच्या एका भागीदाराने त्याला पाठवायच्या पत्रांवर ‘कर्नल ड्रेक’ असा पत्ता घालायला सुरुवात केली, आणि ती पदवी त्याला मरेपर्यंत चिकटली. त्याची निवड होण्याचे एक कारण, त्याच्याकडे रेल्वेचा फुकट पास होता!

ड्रेकने आधी सरळ खड्डाच खणायला घेतला. ओढ्याकाठची जमीन, पाणी भरे, कडा ढासळत. भोक पाडायचे म्हटले तरी तेच. तेव्हा त्याने बिडाच्या, प्रत्येकी दहा फूट लांबीच्या जाड नळ्या आणवल्या आणि एक जड ओंडका उचलून उचलून आपटत त्या जमिनीत ठोकल्या. बत्तीस फुटांवर नळी कातळाला टेकली. मग नळीच्या आतून पहारीसारखे जड अवजार दोराने वरखाली करून कातळ फोडणे सुरू झाले. हे काम बिली स्मिथ या लोहाराचे. त्याला सगळे ‘बिली काका’ म्हणत. दिवसाला तीनेक फूट! २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर अवजार एका फटीत घसरले, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, बिली काकाने नळीत डोकावून पाहिले तर वर तेल आलेले.

या गोष्टीतला तेलाचा भाग सर्वांना ठाऊक असतो. मला स्वतःला त्या बत्तीस फुटांच्या नळीचे कौतुक जास्त वाटते. भोक पाडण्याच्या आधी नळी, हा ड्रेकचा शहाणपणा. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे त्याचा पैसा सट्ट्यात बुडाला, प्रकृती ढासळली, आणि १८७३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने त्याला सालीना पंधराशे डॉलरची नेमणूक करून दिली तेव्हा कुठे त्याच्या घराला आधार मिळाला. १८८० साली तो वारला.

पण ड्रेकची नळी कातळापाशी थांबली होती. ओढ्याच्या दोन्ही काठांना हजारो विहिरी झाल्या त्या याहून कितीतरी खोल, आणि कातळातही पाण्याचे थर होतेच. ते पाणी विवरातून थेट तेलाच्या खडकात उतरू लागले. यावर उपाय मिठाच्या विहिरींतलाच केला गेला, आणि तो आपल्या गृहिणींना चटकन कळेल असा आहे. तेल वर आणणाऱ्या नळीभोवती चामड्याची एक पिशवी बांधायची आणि तिच्यात जवस भरायचे. नळी खाली सोडली की पाण्यात जवस फुगे, पिशवी चहूबाजूंनी विवराच्या भिंतीला घट्ट भिडे, आणि वरचे पाणी वर राही. अळशी भिजवल्यावर कशी फुगते आणि चिकटते ते आपण स्वयंपाकघरात पाहतोच.

ही जवसाची पिशवी स्वस्त आणि मस्त होती. पण तिच्यात एक मोठी खोट होती. पंप बिघडला की नळी वर ओढावी लागे. नळी वर ओढली की पिशवी सुटे, आणि वर अडवून ठेवलेले सारे पाणी धो धो करीत तेलाच्या खडकात शिरे. ते शिरले की केवळ त्या एका विहिरीचे नुकसान होऊन थांबत नसे. खडक खालून एकच. एकाने नळी काढली की शेजाऱ्याच्या पंपातून तेलाऐवजी पाणी येऊ लागे, मग त्याच्या शेजाऱ्याच्या. विहिरी इतक्या दाटीने की एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचे दिवाळे वाजावे. भांडणे झाली, आणि कित्येक चांगल्या विहिरी कायमच्या पाण्यात गेल्या. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी होते. तिथे ती चामड्याच्या पिशवीवरून झाली म्हणायची.

जॉन कार्ल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी पाहणीवर होता. त्याने तीन काळांतल्या तीन विहिरींचे छेद काढून शेजारी शेजारी ठेवले आहेत: १८६१ ची, १८६८ ची आणि १८७८ ची. पहिलीत जवसाची पिशवी आतल्या नळीवरच बांधलेली. दुसरीत आणखी एक बाहेरची नळी आली, ती म्हणजे केसिंग, आणि पिशवी तिच्या तळाशी गेली. आता आतली नळी खुशाल काढा, पाणी जागच्या जागी. पण ही केसिंग घालीत ती सारे भोक पाडून झाल्यावर. तिसरीत क्रम सुधारला. पाण्याचे थर ओलांडेपर्यंत रुंद भोक पाडायचे, तिथेच थांबून केसिंग बसवायची, आणि मग तिच्या आतून कोरड्या विवरात पुढचे अरुंद भोक पाडायचे. ड्रेकने मातीत जे केले ते आता कातळात झाले. मधे एकोणीस वर्षे गेली, आणि ती शिकवणी कुणाच्या खर्चाने झाली ते वर आलेच आहे.

टेक्सासातली गोष्ट निराळी. बोमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीखाली सैल, वाहती वाळू होती. आठ वर्षे तिथे एकामागून एक प्रयत्न त्या वाळूत रुतले. शेवटी हॅमिल बंधूंनी फिरत्या नळीचे यंत्र लावले, आणि पाण्याने कडा टिकेना तेव्हा एका डबक्यात गुरे घालून चिखल तुडवून घेतला आणि तो विवरात फिरवला. चिखलाचा लेप कडांना बसला, वाळू आवरली, आणि जिथे नुसत्या लेपाने भागेना तिथे नळ्या ठोकल्या. १० जानेवारी १९०१ रोजी तेल असे उसळले की विवरातला पाईप तोफेसारखा वर उडाला, आणि ते कारंजे बंद करायला नऊ दिवस लागले. त्या गुरांचा चिखल आजच्या रिगवर ‘मड’ या नावाने नांदतो आहे. आता त्यात नाना औषधे पडतात, पण काम तेच: कडा धरायच्या आणि खालच्या दाबाला आपल्या वजनाने दाबून ठेवायचे.

त्यानंतर नळी आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने भरण्याची रीत आली. कॅलिफोर्नियात १९०३ च्या सुमारास तिचा आरंभ झाला आणि १९१९ मध्ये अर्ल हॅलिबर्टनने तिचा स्वतंत्र धंदा मांडला. तेव्हापासून तेलविहिरीचे रूप साधारण एकच राहिले. एकात एक बसणारे डबे असतात ना, तशा नळ्या. आधी वीस इंचांची, तिच्या आतून सव्वातेरा-साडेतेरा इंचांची, मग साडेनऊच्या आसपास, मग सात. प्रत्येक वेळी भोक पाडा, अवजार वर काढा, नळी उतरवा, सिमेंट भरा.

यातले ‘अवजार वर काढा’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. दहा हजार फूट पाईप विवरात असेल तर तो नव्वद नव्वद फुटांच्या तुकड्यांनी वर ओढायचा. म्हणजे शंभराहून अधिक तुकडे. रिगवर याला ‘ट्रिप’ म्हणतात, सहलीशी तिचा काडीचा संबंध नाही. घाईने ओढला तर पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसे होते, खालचा दाब कमी पडतो आणि खडकातला वायू आत खेचला जातो. जेवढे पोलाद बाहेर आले तेवढ्याच आकारमानाचा मड आत गेला पाहिजे. कमी गेला तर समजावे, विहिरीत दुसरेच काही शिरले आहे. यासाठी एक लहान मोजणीची टाकी असते. लक्ष्मीपूजनाची एक रात्र मी त्या टाकीच्या आकड्यांकडे पाहत काढली आहे. सकाळपर्यंत सगळे आकडे जुळले, मग फराळाचा डबा उघडला. ट्रिप संपली तरी सुटका नाही. शेलसारखा मातकट खडक मडातल्या पाण्याने फुगून विवर आवळीत असतो. कुठे चुनखडीच्या भेगा मड गिळत असतात. त्यातून शेकडो टनांची केसिंग चाळीस चाळीस फुटांनी उतरवायची. मध्येच अडकली तर ना खाली जाते, ना वर येते.

आकडे न जुळल्यास काय होते ते कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा गावाने पाहिले. किनाऱ्यापासून सहाएक मैलांवर समुद्रात एक फलाट होता. २८ जानेवारी १९६९ रोजी तिथली पाचवी विहीर जवळजवळ साडेतीन हजार फुटांवर गेली होती आणि पाईप वर ओढणे चालले होते. समुद्रतळाखाली केसिंग मात्र अवघी २३९ फूट! नियमाने ती पुष्कळ जास्त हवी होती. कंपनीने सूट मागितली आणि सरकारी खात्याने ती दिली. पाईप ओढता ओढता मड उसळला, पाठोपाठ वायू. कामगारांनी झटपट उरलेला पाईप विवरात सोडून दिला आणि वरची झडप मिटली. त्यांचे काम त्यांनी चोख केले. पण विहिरीचे तोंड बंद झाल्यावर खालचा दाब जाणार कुठे? केसिंगखालचे तीन हजारांवर फूट विवर उघडे. तेल आणि वायू त्या उघड्या भिंतींतून सैल खडकात घुसले आणि समुद्राचा तळ फाडून फलाटाच्या आजूबाजूला उकळू लागले. झाकण लावलेले भांडे खालून फुटावे तसे! सिमेंट घालून विहीर मारायला दहा-अकरा दिवस लागले, आणि तळाच्या भेगांतून तेल झिरपत राहिले ते त्यानंतरही. किनाऱ्यावर तेलाने माखलेले हजारो पक्षी मेले. ते काळे किनारे अमेरिकेने दूरदर्शनवर पाहिले. पुढच्याच वर्षी पर्यावरणाचा राष्ट्रीय कायदा अमलात आला आणि पहिला वसुंधरा दिनही पाळला गेला.

मला या हकिगतीत राग येतो तो सुटीच्या त्या कागदाचा. नळीच्या काही शे फुटांची आणि ती उतरवण्याच्या थोड्या वेळाची बचत, एवढाच तो हिशेब होता.

आपल्याकडे १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जपानी बांधणीच्या रिगने मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर तेल काढले, तेव्हा सांता बार्बरा ताजे होते, आणि त्यानंतर या धंद्यात शिरलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट धडा म्हणून ऐकावी लागली. मीही ऐकली. ऐकताना मनात येई, निमचकवाल्यांनी जे विटांत केले ते पोलादात का करू नये? अवजार नळीच्याच टोकाला बसवावे, नळीच फिरवावी, भोक पडत जाईल तशी नळी खाली जात राहील. वर काढायचे काही नाही, म्हणून मधला वेळही नाही.

ही कल्पना माझी नव्हे. माझ्या जन्माच्या आधीची आहे. रशियात १९२० च्या दशकात, अमेरिकेत त्यानंतर, तिचे प्रयोग झाले आणि बाजूला पडले. कारण केसिंगचे आटे खाली उतरताना वजन पेलण्यासाठी केलेले, हजारो फूट खोल भोक पाडताना बसणारा पीळ सोसायला नव्हेत. शिवाय जुन्या रिगवर पाईप फिरे तो जमिनीवरच्या चक्राने, त्यात चौकोनी पाईप अडकवून. केसिंगला तशी पकड नव्हती. १९८० च्या दशकात मनोऱ्यात वर टांगलेले, पाईप डोक्यावरून फिरवणारे यंत्र आले, तेव्हा वाट मोकळी झाली. १९९० च्या दशकात कॅनडातल्या कॅलगरीच्या एका कंपनीने नळीच्या आत अडकणारे आणि तारेच्या दोराने वर ओढून घेता येणारे अवजार सिद्ध केले. नळी जागेवरच राहते. झिजलेले अवजार तेवढे तिच्या पोटातून बाहेर येते आणि नवे जाते.

खरी कसोटी लागली ती दक्षिण टेक्सासच्या लोबो या वायुक्षेत्रात, २००१ पासून. तिथे पाईप अडकणे आणि मड हरवणे ही रोजची रड होती. शंभराहून अधिक विहिरी या रीतीने विंधल्यावर ती रड जवळजवळ नाहीशी झाली; आणि त्याबरोबर कुणी फारसे अपेक्षिले नव्हते असे एक फळ मिळाले. केसिंग जाड, विवराशी तिची फट अगदी थोडी. फिरताना ती भिंतीला घासते आणि खडकाचा भुगा मडासकट भेगांत चोपत जाते. आपल्या बायका कुडाची भिंत लिंपतात, तळहाताने दाबून दाबून, तसेच हे. मड गिळणाऱ्या भेगा बुजतात आणि कच्ची भिंत थोडा जास्त दाब सोसू लागते. इंजिनिअर मंडळींनी त्याला इंग्रजीत सारवण्याचेच नाव दिले आहे, हे वाचून मला गंमत वाटली.

सगळीकडे ही रीत चालते असे मात्र समजू नये. भूगर्भवाल्यांची तक्रार रास्त आहे: खडकाची नाडी पाहायची ती उघड्या विवरात उपकरणे सोडून, आणि इथे विवर उघडे राहतच नाही. कठीण कातळात अवजार वारंवार बदलावे लागते. वाकड्या, लांब विहिरींत आट्यांवरचा ताण वाढतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी सबंध विहीर अशी न करता जो थर त्रासाचा, तेवढाच नळीने विंधतात आणि बाकीचे काम जुन्या रीतीने उरकतात. अशा वेळी टोकाचे अवजार वर काढतच नाहीत. ते मुद्दाम मऊ धातूच्या गाभ्याचे केलेले असते. नळी ठरल्या खोलीवर पोचली की तिथल्या तिथे सिमेंट भरतात, ते घट्ट होऊ देतात, आणि मग वरून लहान अवजार सोडून त्या जुन्या अवजाराच्याच पोटातून पुढचे भोक पाडायला घेतात.